‘इतर अधिकार’ : एका शालेय नकाशावरून झालेल्या वादाचं प्रकरण

देवगड आणि मालवण यांच्या मधल्या किनाऱ्यावर एक माध्यमिक शाळा आहे. तिथल्या आठवी-नववीच्या मुलांनी काढलेल्या नकाशावरून वाद झाला. तो पोलिसांत गेला नाही, पेपरात आला नाही. शाळा समितीच्या दोन बैठकांत निवळला म्हणावा इतपत निवळला. शिक्षक प्रशिक्षणाच्या कामात असल्यामुळे ‘अनुभवातून शिक्षण’ आणि ‘प्रत्येक मुलाला शाळा आपली वाटली पाहिजे’ ही दोन वाक्यं मी एका दमात म्हटलेली खूप ऐकतो. ती एकमेकांच्या आड कशी येऊ शकतात हे या प्रकरणात दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. गाव, शाळा, माणसं यांची नावं देत नाही. ज्यांच्या वर्गात हे घडलं त्यांना गाव ‘वकीलबाई’ म्हणतं. इथेही तेच ठेवतो.

वकीलबाईंनी दिवाणी न्यायालयात बरीच वर्षं काम केलं, बहुतेक वाटपाच्या दाव्यांचं. कोकणातला वाटपाचा दावा ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. वादी वारतो, त्याचे वारस दाखल होतात, मग सातवा प्रतिवादी वारतो, त्याचे चार वारस डोंबिवलीत आणि एक बडोद्याला, आणि समन्स बजावणीतच वर्षं जातात. एका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असणं इथे नवलाचं नाही. बाईंना खटकलं ते निराळंच. तरुण पक्षकार जाडजूड फाईल घेऊन येत, पण विहीर कुठल्या अंगाला आहे, पाणंद कुठून जाते हे त्यांना सांगता येत नसे. ते पाहायला कोर्ट कमिशनर पाठवावा लागे. कागद शाबूत होता आणि जागेची ओळख गेली होती. हे दुरुस्त करायचं तर कोर्टात फार उशीर झालेला असतो, असं त्यांचं मत झालं आणि त्या शाळेकडे वळल्या.

वळणं सोपं नव्हतं. बी.एड. नाही, त्यामुळे मंजूर शिक्षकपदावर बसता येत नाही. संस्थेने मानधनावर ‘कार्यानुभव’ विषयाचे तास दिले. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखालच्या बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि मानधनाचे काही तास म्हणजे तशी नोकरी नव्हे. तरीही बाईंनी वकिलीची सनद स्थगित करून घेतली. कारण गावातलंच होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजोबा-काके कधी ना कधी त्यांच्या पक्षकारांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिलेले होते. सनद खिशात ठेवून त्या मुलांना ‘तुमच्या घरचे कागद आणा’ म्हणणं त्यांना बरं दिसेना.

कार्यानुभव हा विषय आपल्याकडे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीतून आला आणि बऱ्याच शाळांत कागदी फुलं नि खडू यांवर थांबला. त्याच्या मागची परंपरा मात्र जुनी आहे. बॅरिस्टर गांधींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर सत्याग्रहींच्या मुलांना चपला शिवायला, सुतारकाम करायला शिकवलं. त्यातूनच पुढे १९३७ च्या वर्धा परिषदेत नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली गेली. वकिलाचा शिक्षक झाल्याचं एवढं ठळक उदाहरण हाताशी असूनही बाई ते कधी देत नाहीत. त्या दाखला देतात तो कोसबाडचा. उत्तर कोकणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणावर न्यायची. मुलाचं काम शिक्षणातला अडथळा आहे असं न धरता ते काम जिथे चालतं तिथूनच सुरुवात करायची, एवढं बाईंनी त्यातून उचललं.

वर्गात कोण बसतं

आठवी-नववी मिळून वर्ग लहान. काही मुलं वरच्या वाड्यांतली, घरची हापूसची कलमं असलेली. काही किनाऱ्यावरच्या गाबीत वाडीतली, रापणीने मासेमारी करणाऱ्या रापणकरांची. आणि काही नेपाळी. ही तिसरी मुलं कोकणाबाहेरच्या वाचकाला अनपेक्षित वाटतील. देवगड-रत्नागिरीच्या आंबाबागांची राखण, फवारणी, काढणी आता मोठ्या प्रमाणात नेपाळहून आलेली कुटुंबं करतात. पावसाळ्यानंतर येतात, बागेतल्या खोपीत राहतात, आंबा उतरला की पुष्कळशी परत जातात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला नि काम करायला आडकाठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही सहा ते चौदा वयाच्या ‘प्रत्येक’ बालकाचा हक्क सांगितला आहे आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांनी मुलांना वयाप्रमाणे वर्गात घेतलं. नेपाळीची लिपी देवनागरीच असल्याने ती वाचू लागली पटकन. बोलत मात्र नसत. मागच्या बाकावर बसायची, हजेरीला ‘हजर’ म्हणायची, सुटली की बागेत.

सातबाऱ्याचा प्रकल्प

बाईंचा पहिला मोठा प्रकल्प अर्थातच सातबारा. गाव नमुना सात म्हणजे कुणाच्या नावे काय, नमुना बारा म्हणजे त्यात काय पिकतं. मुलांनी आपापल्या घरचा उतारा आणायचा, क्षेत्र वाचायचं, जागेवर जाऊन टेपने मोजायचं. गणित आपोआप होत गेलं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि दोन्ही जवळजवळ सारखे कसे निघतात याचा हिशेब मुलांनी गडग्यावर बसून केला. फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी, वाचता वाचता इतिहास आला. खोत म्हणजे कोण होता, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी कसायचं का थांबवलं, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक का आणलं, १९४८ च्या कूळ कायद्याने आणि दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं तिची मालक मानली गेली त्या १ एप्रिल १९५७ या तारखेने कुणाची नावं उताऱ्यावर चढली. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकणारी गोष्ट मुलांना आपल्याच घरच्या फेरफारात सापडत होती. इथवर प्रकल्प इतका चांगला चालला होता की कुणीही तो प्रशिक्षणात दाखवला असता.

पण नेपाळी मुलांकडे उतारा नव्हता आणि असणारही नव्हता. गाबीत वाडीतल्याही काही मुलांची घरं ज्या जागेवर, ती जागा भलत्याच्याच नावावर किंवा सरकारी. ही मुलं दुसऱ्याच्या टेपचं टोक धरून उभी राहत. अनुभव तेही घेत होती म्हणा. उन्हात उभं राहण्याचा.

बाईंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी प्रकल्पाचा दुसरा भाग काढला. नमुना सातवर ‘इतर अधिकार’ म्हणून रकाना असतो. कूळ, बोजा, वाटेचा किंवा पाण्याचा हक्क, असं काय काय त्यात नोंदवलेलं असतं. बाई म्हणाल्या, ज्या जागेवर तुमचं नाव नाही पण तुमच्यावाचून जिचं चालत नाही, अशी एक जागा निवडा, तिचा नकाशा काढा आणि ‘इतर अधिकार’ या मथळ्याखाली तिथे कोण काय करतं ते लिहा. कल्पना हुशार होती. वकिलाला सुचावी अशीच होती आणि अडचणही त्यातच होती.

आठवीतल्या एका नेपाळी मुलाने तो राखतो त्या बागेचा नकाशा काढला. कलमं मोजून, ओळीने. माकडं कुठल्या व्हाळातून (ओढ्यातून) चढतात ती वाट लाल रंगाने. समुद्राच्या अंगाला मोहोर आधी फुटतो ती झाडं वेगळ्या खुणेने. दोन झाडांवर फुली. आणि खाली, ‘इतर अधिकार’ : आई, बाबा, स्वतः, आडनावांसह.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळे नकाशे व्हरांड्यात लावले होते. बागेचा मालक समितीचा सभासद. त्याने तो नकाशा वाचला आणि तिथेच आवाज चढवला. “माझ्या बागेत ह्येंचा नाव कशाक? उद्या ह्यो कूळ म्हणान उभो रवलो तर?”

भीती कुठून आली

हे हास्यास्पद वाटेल, पण ते तसं नाही. कोकणात कूळ म्हणून लागलेल्या एका नोंदीने घराण्यांच्या जमिनी गेल्या आहेत आणि आल्याही आहेत. या मालकाच्या बाबतीत तर ती आलेली होती. आजोबा स्वतः खोताचं कूळ. याच बागेचा काही भाग त्यांच्या नावावर चढला तो कूळ कायद्यामुळे, आणि मालकाच्याच मुलीने, नववीतल्या, तो फेरफार पंधरवड्यापूर्वी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला होता. त्या रकान्यातलं एक नाव काय करू शकतं, हे गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी मथळा नेमका तोच निवडलेला.

मागणी अशी होती की नकाशा काढून टाका आणि मुलाला समज द्या. नाही तर ते कुटुंब बागेतून जाईल. आंबा मोहोरावर होता. हंगामाच्या मध्यावर खोप सुटली तर त्या घराचं वर्षाचं गणित बुडणार. म्हणजे वाद शाळा आणि पालक यांच्यातला दिसत असला तरी किंमत मोजणार होता तो ज्याला कुणी विचारलंच नव्हतं तो मुलगा.

बाईंनी आधी जुन्या सवयीने उत्तर दिलं. शाळकरी मुलाच्या नकाशाला हक्काचा पुरावा म्हणून काही किंमत नाही. राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं जागेवर राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, तो मालकाच्या वतीनेच तिथे असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गोव्यातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सगळं बरोबर. मालक म्हणाला, “कायदो माका शिकवू नकात वकीलबाई. कायद्यानच गेल्यो लोकांच्यो जमिनी.” यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते कुणाकडेच नसतं.

मुख्याध्यापकांचा सल्ला व्यवहारी होता. नकाशा गुपचूप उतरवा, मुलाला दुसरा विषय द्या, आठ दिवसांत लोक विसरतील. बाईंनी उतरवला, पण एकटा तो नव्हे. सगळ्या मुलांचे सगळे नकाशे त्याच दुपारी उतरवून वर्गात नेले आणि ‘तपासणी चालू आहे’ एवढंच सांगितलं. ही गोष्ट लहान दिसते. पण एकाचाच नकाशा भिंतीवरून गेला असता तर दुसऱ्या दिवशी मैदानावर त्या मुलाचं काय झालं असतं, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही कळेल.

मग त्यांनी मुलाला विचारलं. समितीला, मालकाला, त्याच्या बापाला विचारण्याआधी त्याला. तो म्हणाला, नाव काढा, माकडांची वाट ठेवा. आईला विचारलं तर तिचं उत्तर, शेठ म्हणतील तसं. बाईंनी दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली आणि दोन्हींवर लगेच अंमल केला नाही. ज्याची भाकरी समोरच्याच्या हातात आहे त्याची संमती जपून वाचावी लागते. हे त्यांना शिक्षणशास्त्राने शिकवलं नव्हतं.

सुनावणी

पुढचे दोन तास वर्गात सुनावणी झाली. अभिरूप न्यायालय नव्हे. काळे कोट, ‘मिलॉर्ड’ वगैरे नाटक बाईंना आवडत नाही. प्रश्न एकच ठेवला : या बागेविषयी तुला काय माहीत आहे? नियमही एकच : स्वतः पाहिलेलं सांगायचं, ऐकलेलं नाही. ऐकीव पुरावा ग्राह्य नाही हा १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आजच्या भारतीय साक्ष अधिनियमापर्यंत चालत आलेला नियम आहे आणि त्याला अपवाद पुष्कळ आहेत. पण वर्गापुरता तो कडक ठेवला.

या नियमाने वर्गाची नेहमीची उतरंड बदलली. ‘बाग आमची’ हे वाक्य चालेना, कारण ते पाहिलेलं नव्हे, सांगितलेलं. मालकाची मुलगी थोडी गडबडली. पण तिच्याकडेही काही होतं. हंगामात पेट्यांचा हिशेब तीच लिहिते. वाशीच्या बाजारात गेलेल्या मालाची पट्टी (विक्रीचे पैसे) किती आली, फवारणीचं कर्ज किती, कुठलं वर्ष तोट्यात गेलं हे तिने आकड्यांसह सांगितलं. बागेवर कर्ज असतं हे राखणदाराच्या मुलाला पहिल्यांदाच कळत होतं. त्याने मग मोहोराचं सांगितलं, माकडांच्या वेळा सांगितल्या, आणि फुली मारलेल्या दोन झाडांच्या बुंध्याशी भुसा पडतो ते सांगितलं. बोलायला लागल्यावर तो बराच वेळ बोलला. काही शब्द नेपाळी येत होते, कुणी थांबवलं नाही.

गावचं कोण, असा फाटाही मध्ये फुटला. आचरा तिथून लांब नाही. रामेश्वराचा कौल झाला की आचऱ्याचं सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतं, गुराढोरांसकट, ती गावपळण मुलांच्या ऐकण्यातली. एका मुलीचं म्हणणं पडलं की गावपळणीला ज्याला बाहेर पडावं लागतं तो गावचा. त्यावर कुणीतरी म्हणालं, मग भाड्याने राहणारा मास्तरही गावचाच. चर्चा हसण्यात गेली. बाईंनी जाऊ दिली.

गाठ सोडवली ती गाबीत वाडीतल्या एका मुलाने. त्याने रापणीचं सांगितलं. जाळं मोठं, ते समुद्रात सोडून अर्धगोलाने किनाऱ्याकडे आणायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसांनी ओढायच्या. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. “जाळा धन्याचा म्हणान वडणाऱ्याचो वाटो बुडाणा नाय. आणि दोरी वडली म्हणान जाळा आपला होणा नाय.” तो हे सहज बोलला, कारण त्याच्या घरी हा रोजचा व्यवहार आहे. मालकाची भीती आणि राखणदाराच्या मुलाची नोंद या दोन्हींना एकाच वेळी जागा देणारी रीत त्या वर्गात आधीपासून होती, फक्त ती टेपचं टोक धरून उभी होती.

तोडगा

मुलांनी नकाशे दोन थरांत काढले. खालच्या कागदावर सातबाऱ्याप्रमाणे मालकी. वर ट्रेसिंग पेपर, त्यावर ‘कामाचा नकाशा’ : इथे कोण काय करतं. ‘इतर अधिकार’ हा मथळा गेला. तळाला एक ओळ : हा नकाशा शालेय अभ्यासासाठी आहे, मालकी किंवा कब्जा यांचा पुरावा नाही. मसुदा बाईंचा. मालकाने बैठकीत त्यात ‘कोणत्याही न्यायालयात अथवा कार्यालयात’ हे शब्द घालून घेतले आणि कामाच्या नकाशावर आडनावं नकोत असा आग्रह धरला. बाईंनी मुलाला पुन्हा विचारून तो मान्य केला. कुटुंब बागेत राहिलं.

आडनावांवर माघार घ्यायला नको होती असं मला वाटतं. नुसतं पहिलं नाव म्हणजे बागेत हाक मारायचं नाव. आडनावासकट लिहिलं की माणूस नोंदीत येतो, आणि त्या मुलाने पहिल्या नकाशात नेमकं तेवढंच मागितलं होतं. बाईंचं म्हणणं, हंगामाच्या मध्यावर तत्त्वासाठी दुसऱ्याची खोप पणाला लावायचा हक्क शिक्षकाला नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

फुल्यांच्या दोन्ही झाडांत खोडकिडा निघाला. मालकाने इलाज केला. आभार कुणाचे मानल्याचं ऐकिवात नाही, पण पुढच्या बैठकीत त्याने कामाच्या नकाशाची झेरॉक्स मागितली.

यातून काय घ्यावं

प्रशिक्षणांत डेव्हिड कोल्ब यांचं १९८४ सालचं चक्र दाखवतात : अनुभव, निरीक्षण, संकल्पना, प्रयोग, की पुन्हा अनुभव. चक्रात खोट नाही. पण कुणाचा अनुभव वर्गात ‘अनुभव’ म्हणून धरला जातो, हे ते सांगत नाही. सातबाऱ्याचा प्रकल्प त्या चक्रात चोख बसत होता आणि तरी काही मुलांना वगळत होता. शाळेविषयीचं आपलेपण मोजायला कॅरोल गुडेनाऊ यांची १९९३ सालची अठरा विधानांची प्रश्नावली आहे. या शाळेत ती कुणी भरून घेतली नाही, त्यामुळे आपलेपण वाढलं असा दावा मी करत नाही. दिसलं ते इतकंच की पुढच्या मोजणीला गट पाडताना त्या मुलाला दोन गटांनी मागितलं. व्हाळ त्याला ठाऊक होता म्हणून.

बाईंच्या मायाळूपणाचं कौतुक गावात होतं. माझ्या मते कामी आली ती माया नव्हे, वकिली. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला आधी ऐकायचं, कारवाई करायची तर सर्वांवर सारखी, पाहिलेलंच ग्राह्य धरायचं, ठरलं ते लिहून सही घ्यायची. ‘सगळी आपलीच मुलं’ हे वाक्य त्या व्हरांड्यात त्या सकाळीही फळ्यावर लिहिलेलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. गोंधळ झाला तोही वकिलीनेच, हे खरं. रकान्याचं नाव उचलताना त्याचा गावातला इतिहास त्यांनी मोजला नाही.

जूनमध्ये ते कुटुंब गेलं. पुढच्या हंगामात ते रत्नागिरीकडच्या एका बागेत लागल्याचं कळलं. बाईंनी दाखल्यासोबत कामाच्या नकाशाची प्रत आणि मुलाने काय काय केलं याचं एक पानी पत्र, शाळेच्या शिक्क्यासह, दिलं होतं. नव्या शाळेने ते पाहिलं की नाही हे त्यांनी फोन करून विचारलं. दप्तरी लावलं आहे, असं उत्तर मिळालं.

आता गाबीत वाडीतल्या पालकांनी वेगळीच मागणी आणली आहे. मुलांनी किनाऱ्याचा नकाशा काढावा : घरं, जाळी वाळवायची जागा, मासे सुकवायचे ओटे, होड्या ओढायची वाट. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) २०११ च्या अधिसूचनेत मच्छीमार वस्त्या आणि त्यांच्या सामाईक जागा गावनकाशाच्या पातळीवर दाखवायला सांगितलं होतं, आणि आपल्या जागा त्यात नीट आल्या नाहीत तर पुढे कठीण, हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणजे बागवाल्याला जो नकाशा पुरावा ठरायला नको होता तसाच नकाशा यांना पुरावा म्हणून हवा आहे. बाई मोजणीला तयार आहेत, पण तळाची ती ओळ काढायला नाहीत. हक्काच्या कामासाठी त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जायला सांगितलं. पालकांचा सवाल रोखठोक आहे : “बागवाल्यासाठी वळ लिवलात, आमच्यासाठी पुसूक होणा नाय?” सनद पुन्हा सुरू करून हे काम स्वतः हाती घ्यायचं तर वर्ग सोडावा लागेल, असं बाईंनी त्यांना सांगितलं आहे. वाडीतले दोन पालक नाराज आहेत. मोजणी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होईल आणि ओळीचा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत येईल.